पिशवी पुढे गेली

माणसाला गाडीत न घेण्याचं काम मी नोकरीभर केलं. आधी एसटीत कंडक्टर होतो, नंतर साताऱ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. पासची मुदत संपलेले कॉलेजकुमार, करडू काखोटीला मारून चढणारे जतचे धनगर, सवलतीच्या तिकिटासाठी वय वाढवून सांगणारे धडधाकट पैलवान, सगळ्यांना मी खाली उतरवलेलं आहे. उतरवताना चेहरा कसा ठेवायचा हेही ठरलेलं असतं. रागवायचं नाही, हसायचं नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत फार वेळ बघायचं नाही. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट माझ्याकडे परत सरकवला, तेव्हा तिचा चेहरा मला लगेच ओळखू आला.

मी कॅनडाला भाचीच्या लग्नाला निघालो होतो. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. अक्काला तासगावकडच्या गावात दिलेली. तिचे मालक फौजेत होते आणि भाची तिसरीत असताना ते गेले. त्यानंतर पोरगी शाळेसाठी आमच्याकडे साताऱ्यात आली ती बारावी होईपर्यंत राहिली. पुढे पुणे, मग कॅनडा, तिथंच नोकरी आणि तिथंच ऑफिसातला एक नागपूरकडचा मुलगा. लग्न तिथंच करायचं ठरलं. फोनवर ती म्हणाली, "मामा, बाकी कोणी आलं नाही तरी चालेल. पण मागं तूच उभं राहायचंस."

मागं म्हणजे कुठं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मंगलाष्टकांना अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. भटजी ओरडतात, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं," आणि मामा फेटा सावरत तिला घेऊन येतो. बाप असलेल्या मुलीचा मामासुद्धा त्या वेळी छाती काढून असतो. इथं तर बापच नव्हता. मी शब्द दिला होता आणि त्या शब्दाखातर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता.

व्हिसा मला मिळाला, बायकोला मिळाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "एवढं बसून माझं गुडघं कुठं वाकायला." मग दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती. मामाकडून नवरीला जी पिवळी साडी जाते, ती मात्र तिनं स्वतः सांगलीच्या पेठेत जाऊन, चार दुकानं पालथी घालून आणली. दुकानदारानं दिलेल्या जाड कापडी पिशवीतच आम्ही ती ठेवली. सोबत मुंडावळ्या, हळदीकुंकवाच्या पुड्या, एक सुपारी आणि माझा फेटा. ही पिशवी हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत घालायची नाही, असं मला बजावण्यात आलं. सामान कुठं जातं याचा एसटीतला अनुभव मलाही होता.

भाचीनं काढलेलं तिकीट साधं होतं. मुंबईहून निघायचं, मध्ये आखातात एकदा विमान बदलायचं, मग थेट टोरांटो. मंगळवारचं विमान होतं. अक्का महिनाभर आधीच लेकीकडं जाऊन पोचली होती. तिनं तिथून फोन केला.

"आरं, मंगळवारी अवस हाय."

"अक्का, विमानाला कसली अवस?"

"विमानाला नसंल. तुला हाय. अवसंला घर सोडायचं न्हाई."

एसटीच्या वेळापत्रकात अमावास्या नसते. त्या दिवशी एकही फेरी रद्द झाल्याचं मला आठवत नाही. उलट काही मार्गांवर जादा गाड्या सोडाव्या लागत. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी उडवून लावलं असतं. पण भाचीचे वडील शेवटच्या सुट्टीवरून परत गेले, तो दिवस अमावास्येचा होता. थंडी संपायच्या आत डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेल्याचं कळलं. तेव्हापासून अक्का अवसेला घरातलं माणूस काय, कोंबडीसुद्धा बाहेर पाठवत नाही. तिच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटली नाही. मी पोवई नाक्याकडच्या एका तिकीटवाल्याकडं गेलो आणि बुधवारचं तिकीट करून घेतलं.

सुट्ट्यांचे दिवस होते. बुधवारी आखातातून जागा नव्हती. होतं ते दोन थांब्यांचं, आधी पॅरिस, मग ॲमस्टरडॅम, मग टोरांटो. "काका, कुठं बाहेर पडायचंच नाही," तिकीटवाला म्हणाला. "ह्या गेटातनं उतरायचं, त्या गेटातनं चढायचं." दोन देशांचं पाणी चाखायला मिळणार म्हणून मी खूशच झालो. बायकोला फक्त दिवस बदलल्याचं सांगितलं. तिकीट हे माझं खातं, त्यात तिनं डोकं घालायचं नाही, असा आमच्या घरातला जुना दंडक आहे.

कॉलनीतल्या मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. "कॅनडा दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा" आणि खाली माझा निवृत्तीच्या वेळचा फोटो, गळ्यात हार. पूर्वी हाराचा फोटो माणूस गेल्यावर लावत. आता माणूस कुठंही गेला तरी लावतात.

विमानतळावर सोडणाऱ्या शेअरिंगच्या गाडीनं मी बुधवारी पहाटे निघालो. गाडी सांगलीहूनच भरत आली होती. माझ्या शेजारी हळदीच्या व्यापारातले एक वयस्कर गृहस्थ होते. तेही टोरांटोलाच, मुलाकडं निघालेले, पण दिल्लीवरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानानं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला चहा घेईपर्यंत आमची ओळख झाली आणि पुण्याच्या पुढं गेल्यावर त्यांनी मला त्यांच्या सुनेचा स्वभाव सांगायला सुरुवात केली. माझ्या मांडीवरची पिशवी बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "मग तुमचा मान मोठा," ते म्हणाले. मला ते ऐकायचंच होतं.

काउंटरवरची मुलगी मराठी होती. तिनं पासपोर्ट पाहिला, कॅनडाचा व्हिसा पाहिला, तिकीट पाहिलं, मग पुन्हा पासपोर्ट उलटापालटा केला. "काका, युरोपचा व्हिसा कुठं आहे?"

"मी युरोपला कुठं चाललोय? मी कॅनडाला चाललोय."

"पण तुम्ही पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाताय. त्यांच्या हिशेबी तो आतल्या आत प्रवास आहे. म्हणजे पॅरिसला तुम्ही त्यांच्या हद्दीत शिरता. एकाच ठिकाणी विमान बदलायचं असतं तर कॅनडाच्या व्हिसावर चाललं असतं. दोन ठिकाणं आहेत, म्हणून नाही चालत."

मागचे लोक चुळबुळ करायला लागले. मी थोडं बोलून बघितलं, म्हणजे लग्न, भाची, पाठीशी उभं राहणं वगैरे. तिनं ऐकून घेतलं. वरच्या साहेबाला बोलावलं, त्यानंही तेच सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा मुद्दा पहिल्याच वाक्याला पटला होता. आमच्याकडची ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. जतवरून विजापूरला जाणाऱ्या म्हाताऱ्यांशी मी याच मुद्द्यावर हुज्जत घातलेली आहे. "आवं, गाडी तीच, शीट तेच, मग पुढं पैसं कशाचं?" असं ते विचारायचे आणि मी म्हणायचो, हद्द बदलली. आता मलाही पुढंच जायचं होतं आणि हद्द बदलत होती. फक्त माझ्या वेळी म्हाताऱ्याला वरचे पैसे भरून पुढं जाता यायचं.

त्या मुलीनं तिचं काम सोडून माझ्यासाठी दुसरी विमानं शोधली. लग्न शनिवारी होतं. शनिवारच्या आत पोचवणारं जे होतं ते भरलेलं, ज्यात जागा होती ते रविवारी पोचणारं. हळदवाल्यांच्या विमानाचंही विचारलं, तेही भरलेलं. "सॉरी काका," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "तुझी चूक नाही, बाळ." नियमाची चाड असलेल्या माणसाला असं म्हणावंच लागतं. पण बाहेर येऊन मी पिशवी छातीशी धरून बाकावर बसलो. मला लाज वाटत होती आणि ती नेमकी कुणाची, हे कळत नव्हतं. फ्लेक्सची की भाचीची.

हळदवाले अजून बाहेरच चहा पीत होते, त्यांचं विमान उशिरा होतं. ते मला शोधत आले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पिशवी द्या."

"नको," मी म्हणालो. "विमानतळावर दुसऱ्याचं सामान कुणी घेत नाही. घेऊही नये."

"म्हणून तर उघडून बघणार हाय. आवं, राग मानू नका, पर बघितलं पायजे."

बाकावर रुमाल पसरून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. साडीची घडी पूर्ण उलगडली, मुंडावळ्या बोटांनी चाचपल्या, सुपारी वाजवून पाहिली. हळदीची पुडी हुंगली आणि "ही आमच्याकडची न्हाई," म्हणाले. फेटा मीटर मीटर उलगडून झटकला. आजूबाजूचे लोक बघत होते. मग सगळं जसंच्या तसं परत घातलं, भाचीचा पत्ता लिहून घेतला आणि पिशवी स्वतःच्या मोठ्या बॅगेत ठेवली. फेटाही गेला. तो काढून घ्यायचं मला सुचलं नाही.

परत येताना मी एसटीनंच आलो. साताऱ्यात उतरून रिक्षा केली आणि कॉलनीच्या अलीकडं सोडून दिली, चालत गेलं म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. चौकात फ्लेक्सखालीच एक शेजारी भेटले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "दौरा लय लवकर उरकला गड्या." मी तसाच घराकडं वळलो.

बायकोनं आधी पाणी दिलं, मग जेवायला वाढलं आणि मग विचारायला सुरुवात केली. दोन थांबे का, एक का नाही, पहिलं तिकीट का मोडलं. अवसेचं नाव निघताच तिचा हात तिथंच थांबला.

"आवं, मग प्रस्थान ठिवायचं हुतं की!"

हा शब्द मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकला होता आणि पार विसरून गेलो होतो. निघायचा दिवस चांगला नसला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी पिशवी, नाहीतर नुसतं फडक्यात बांधलेली सुपारी आणि तांदूळ, शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. सामान उंबऱ्याबाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग जायच्या दिवशी तिथून ते उचलायचं आणि वाटेला लागायचं.

"रविवार चांगला हुता," ती म्हणाली. "पिशवी शेजारी ठिवली असती की तुमी रविवारीच निघाला. मग मंगळवारी अवस असू दे न्हाईतर गिराण असू दे. मला एका शब्दानं इचारलं असतं तर?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि अक्कास्नी म्हाईत न्हाई व्हय हे? त्यांच्या सासरी तर प्रस्थानाबिगर कोण तालुक्याला जात न्हाई."

हे खरं होतं. आईनं ही रीत अक्कालाच शिकवली होती, माझ्यासमोर. म्हणजे उपाय तिला ठाऊक होता, शेजारी पिशवी ठेवण्याइतका सोपा, आणि तरी तिनं मला तिकीट मोडायला लावलं. त्या क्षणी मला बहिणीचा असा संताप आला की मी ताटावरून उठलो. तिच्या लेकीच्या पाठीशी उभं राहायचा माझा शब्द तिच्याच हट्टापायी वाया गेला होता. तिला मात्र मी दुपारी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की व्हिसाची काहीतरी भानगड झाली. तिकीट बदलल्यामुळं झाली हे सांगितलं नव्हतं, पुढंही सांगायचं नाही असं तेव्हा ठरवलं होतं. आता वाटायला लागलं की सांगावंच.

शुक्रवारी तिचा फोन आला. हळदवाले मुलाला घेऊन स्वतः तिच्या दारी गेले होते.

"पिशवी पोचली. तू कुठं हायस?"

"घरात."

"घरातच न्हवं?"

"मग काय हवेत हाय? तूच ठिवलंयस मला घरात!" मी खेकसलो.

"बरं बरं. वैनीला फोन दे." मग तिनं बायकोलाही तेच विचारलं, ह्यो घरातच हाय न्हवं, जेवला का, हिंडतोय फिरतोय का. मला वाटलं, जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, भाचीच्या मैत्रिणीनं फोन धरून आम्हाला लग्न दाखवलं. एका हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. भाचीनं पिवळी साडी नेसली होती. ती तिला इतकी शोभत होती की बायको फोनवरून हात फिरवायला लागली आणि चित्र बंद पडलं. परत लागलं तेव्हा अंतरपाट धरला होता. तिथल्या भटजींनी हाक दिली, "मुलीचे मामा?" मी इकडे सोफ्यावर बसल्या जागी ताठ झालो.

अक्का पुढं आली. तिनं एक खुर्ची ओढली आणि लेकीच्या पाठीशी ठेवली. खुर्चीत सांगलीच्या दुकानाची ती कापडी पिशवी ठेवली आणि पिशवीच्या तोंडावर माझा फेटा बसवला, नीट पीळ घालून, तुरा काढून. लोक हसले. भटजीही हसले आणि त्यांनी मंगलाष्टक सुरू केलं. भाचीनं मागं वळून पाहिलं आणि तीही हसली. मी मात्र उठून बाहेर अंगणात गेलो. मला हसण्यावारी नेल्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्हींपैकी एकाचीही सोय घरात नव्हती. आतून "शुभमंगल सावधान" ऐकू आलं तेव्हा मी जास्वंदीला पाणी घालत होतो.

अक्का परत आली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मुंबईहून ती आधी आमच्याकडं उतरली. तेवढ्या महिन्यांत मी तो राग नीट जपून ठेवला होता. फोनवर काढला नाही, समोरासमोर काढायचा होता. चहाचे कप पुढं आले तसं मी सरळ विचारलं, "अक्का, तुला प्रस्थान म्हाईत हुतं न्हवं? मग मला तिकीट कशाला मोडायला लावलंस? त्यापायीच मला विमानात घेतलं नाही."

ती दचकली नाही. "व्हय, नवं तिकीट बघून पोरीनं वळखलं, तिनं सांगितलं मला. तू न्हाई सांगितलंस." मग कपाकडं बघत म्हणाली, "ठिवलं हुतं की प्रस्थान. भावजींचं तुज्या."

मी माझा कप खाली ठेवला.

"ते निघाले तवा अवस हुती. सुट्टी वाढंना. म्हणून आदल्या चांगल्या दिवशी त्यांची काळी ट्रंक शेजारी नेऊन ठिवली, मी अन् सासूबाईंनी धरून. सगळं रीतीनं केलं. पुढं काय झालं तुला म्हाईत हाय. दोन जवान आलं अन् तीच ट्रंक दारात ठिवून गेलं. सामान आलं, मागं माणूस न्हवता. तवापासनं प्रस्थानावर माझा इश्वास न्हाई. म्हणून म्हटलं, दिवसच बदल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"त्या सांगलीच्या माणसानं तुझी पिशवी दारात ठिवली," अक्का म्हणाली, "आणि मला ती ट्रंकच दिसली. पुन्यांदा तसंच, सामान हाय अन् माणूस न्हाई. म्हणून तुला फोन लावला, घरातच हायस न्हवं म्हणून. तू लय खेकसलास. मग काय हवेत हाय म्हणालास. आरं, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सामान दारात अन् माणूस घरात बसून खेकसतोय, हे माझ्या नशिबी पयल्यांदाच आलं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी पिशवीला फेटा बांधला. लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करती."

तिनं पिशवी आणलीच होती. ती बाजूला तशीच होती, तिच्या तोंडातून फेट्याचा शेमला बाहेर आला होता. तिच्या हातातला कप केव्हापासून तसाच होता.

"चहा गार होतोय," मी खेकसलो. "पी आधी."

अक्का हसली आणि चहा प्यायली.